सुटणे आणि सोडणे

नोकरीविषयी बोलताना आपली मराठी भाषा माणसाला फारसे कर्तेपण देत नाही. नोकरी 'लागते', नोकरी 'मिळते', कुणी आप्त ती 'लावून देतो'; पुढे ती 'टिकते', 'जाते' अथवा 'सुटते'. माणूस केवळ तिच्या येण्याजाण्याचा साक्षीदार. 'नोकरी करतो' असे आपण म्हणतो खरे, परंतु त्या करण्यात दुसऱ्याच्या इच्छेप्रमाणे वागणे हाच अर्थ मुख्य असतो. एकाच क्रियापदात माणूस खऱ्या अर्थाने कर्ता होतो : तो नोकरी 'सोडतो'. आणि नेमक्या याच ठिकाणी भाषेतील सगळ्या म्हणी त्याच्या विरोधात उभ्या राहतात. खाल्ल्या मिठाला जागावे. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. पोटावर पाय आणू नये. सोडणाऱ्याच्या बाजूने बोलणारी म्हण शोधावी लागते.

हाती असलेले, परंतु आपल्याला न मानवणारे काम सोडावे की धरून ठेवावे, हा प्रश्न आपण बहुधा मोठ्या पदावरील माणसांच्या संदर्भात वाचतो. मंत्री राजीनामा देतो, न्यायाधीश पायउतार होतो, संपादक लेखणी खाली ठेवतो. त्यांच्या त्या कृतीची चर्चा होते. एखाद्या दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याने काम सोडले तर त्याची चर्चा फार तर स्वयंपाकघरात होते. माझ्या मते हा प्रश्न त्याच्याच वयात सर्वांत तीव्र असतो. मोठ्या माणसापाशी साठवलेला पैसा, नाव आणि दुसरी दारे असतात. त्या मुलापाशी काहीच नसते, आणि आयुष्यातील पहिला स्वतंत्र निर्णय तो अशा एखाद्या लहानशा नोकरीच्या निमित्तानेच करीत असतो. तो निर्णय तो कसा करतो यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

शिकता शिकता कमावणे ही आपल्या महाराष्ट्रात कमीपणाची गोष्ट मानली जात नाही, आणि त्याचे फार मोठे श्रेय कर्मवीर भाऊराव पाटलांना आहे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकणाऱ्या मुलाला प्रतिष्ठा मिळवून दिली. 'कमवा व शिका' या नावाने तीच कल्पना आज आपल्या विद्यापीठांच्या योजनांत रुजलेली आहे. परंतु महाविद्यालयाच्या बागेत अथवा ग्रंथालयात केलेल्या कामाला शिक्षकांच्या नजरेचे कुंपण असते. बाजारपेठेतील दुकानाला ते नसते. तेथे शिकणे हा मालकाच्या हिशेबातील विषय नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा करणेही फारसे न्याय्य नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. नामपूर हे बागलाणातील मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. कांद्याच्या लिलावाला आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टर येतात; डाळिंबाच्या बागा या तालुक्याने पाहिल्या आणि तेल्या रोगाने त्या उद्ध्वस्त झालेल्याही पाहिल्या. अशा गावात सर्वांत वर्दळीची दुकाने कोणती, तर बी-बियाणे, खते आणि औषधे विकणारी कृषी सेवा केंद्रे. त्यांपैकी एका दुकानात माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी दुपारपासून रात्री आठपर्यंत काम करतो. दुकानाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. त्याने मला हे पापनिवेदनात सांगितलेले नाही, जेवणाच्या ताटावर, आईवडिलांच्या देखत सांगितले. आणि नाव न घेता लिहिण्यास त्याची हरकत नाही.

तो म्हणाला, "फादर, काम जड नाही. गोण्या उचलायचे मला काही वाटत नाही. पण म्हातारी माणसे येतात, पानावरचा डाग दाखवतात आणि म्हणतात, 'पोरा, तू शिकलेला आहेस, तूच सांग काय मारू.' मला काय सांगायचे ते आधीच ठरलेले असते."

ठरलेले म्हणजे असे. ज्या बाटलीचा कोटा त्या महिन्यात संपवायचा, ती पुढे करायची. तेल्या हा जीवाणूंमुळे होणारा रोग आहे. बागेची स्वच्छता, रोगट फांद्यांची छाटणी, बहार धरण्याची योग्य वेळ अशी वर्षभराची मेहनत त्याला आवर घालते. बाटलीतून त्याच्यावर हमखास उतारा मिळत नाही. हे त्या मुलाला महाविद्यालयात कळले होते. तरी तो 'हे मारा, फरक पडेल' असे म्हणत होता. शिवाय खताच्या टंचाईत चालणारे 'लिंकिंग'. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीची ठरलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे. पण ती हवी असेल तर सोबत विद्राव्य खताची पिशवी किंवा कसल्याशा अर्काची बाटली घेतलीच पाहिजे. ही सक्ती बेकायदेशीर आहे असे शासन वेळोवेळी बजावते. शेतकऱ्यांना हे ठाऊक असते, दुकानदारालाही ठाऊक असते, आणि गोणी मात्र तशीच विकली जाते.

"मग सोडून दे," असे म्हणणे सोपे होते. पण त्याच वेळी वडिलांनी मान खाली घातलेली मला दिसली. त्यांचे उधारीचे खाते त्याच दुकानात आहे.

जिल्ह्यातील सहकारी पतपुरवठा अडचणीत आल्यापासून अनेक लहान शेतकऱ्यांचा खरा सावकार हा कृषी सेवा केंद्राचा मालकच झाला आहे. बियाणे, खत, फवारणी सारे उधारीवर. कांदा विकला की खाते फेडायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क आले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदीच झाली. ती उठायला २०२४ चा मे महिना उजाडला. त्या हंगामात या घरचा कांदा ज्या भावाने गेला त्यात खाते मिटले नाही. तेव्हा मुलाच्या मामांनी दुकानदारापाशी शब्द टाकला, मुलगा कामावर लागला, आणि त्याचा पगार हातात न येता खात्यात वळता होऊ लागला. कुणी जबरदस्ती केली नाही. सगळ्यांना ती सोयच वाटली. मुलाला जेव्हा वाटले की आपण हे काम सोडावे, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण सोडले तर वडिलांचे खाते तेथेच उघडे राहते आणि पुढच्या हंगामाचे बियाणे मात्र बंद होते.

'न मानवणारी नोकरी' या एका शब्दप्रयोगात आपण अनेक निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. काम आवडत नाही, कंटाळा येतो, गिऱ्हाइकाशी बोलायला संकोच वाटतो, ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. संकोच हा पुष्कळदा उभे राहूनच जातो, आणि कंटाळा तर आम्हां धर्मगुरूंच्याही वाट्याला येतो. काम शरीराला किंवा अभ्यासाला झेपत नाही, ही तक्रार अधिक गंभीर आहे. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या पेठेतील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसायची मुभा नव्हती. शिंपीकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना संघटित केले, आणि २०१८ मध्ये केरळ शासनाने दुकानातील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. तामिळनाडूने २०२१ मध्ये त्याचे अनुकरण केले. त्या बायकांनी नोकरी सोडली नाही, नोकरी बदलवून घेतली. परंतु त्या पुष्कळ जणी होत्या. नामपूरच्या दुकानात कामाला तिघे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा पुरतेपणी लागू होतो तो ठरावीक संख्येइतके अथवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. आपल्या खेड्यापाड्यांतील बहुतेक दुकानांत नोकर आणि मालक यांच्यामध्ये कायदा जवळजवळ नसतोच. असते ती केवळ ओळख.

आणि मग उरते ती तिसरी तक्रार : हे काम माझ्या सदसद्विवेकबुद्धीला मानवत नाही. त्या मुलाची तक्रार या प्रकारची होती, म्हणूनच तिचे उत्तर 'सहन कर' किंवा 'सोडून दे' इतके आखूड असू शकत नाही.

दुसऱ्याच्या वाईट कृत्यात नोकराचा हात किती, या विषयाचा विचार आपल्या नीतिशास्त्राने फार पूर्वीपासून केलेला आहे. सेमिनरीत आम्हांला शिकविले जाणारे एक उदाहरण १६७९ सालचे आहे. त्या वर्षी पोप अकरावे इनोसंट यांनी काही सैल नैतिक मते चुकीची ठरविली. त्यांतील एक मत एका नोकराविषयी होते. मालकाला दुष्कर्मासाठी परक्याच्या खिडकीतून चढायचे आहे. नोकर त्याला खांदा देतो, शिडी आणून लावतो, दार उघडतो. त्याला हे कशासाठी ते माहीत आहे. पण त्याला भीती आहे की नाही म्हटले तर मालक वाईट वागवील, रागाने पाहील किंवा घरातून काढून टाकील. काही पंडितांचे म्हणणे होते की एवढ्या भीतीपोटी केले तर ते गंभीर पाप नव्हे. पोप महोदयांनी ते अमान्य केले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यात मालकाची वाकडी नजर आणि कामावरून काढले जाण्याची भीती या दोन्ही गोष्टी नमूद आहेत, हे मला फार बोलके वाटते. नोकरमाणसाची भीती तेव्हाही तीच होती.

परंतु गोष्ट तेथेच थांबली असती तर जगात एकाही नोकराला शांत झोप लागली नसती. पुढे अठराव्या शतकात संत आल्फान्सस लिगोरी यांनी तिच्यात आवश्यक तो विवेक आणला. मालकाच्या दुष्ट हेतूत जो मनाने सामील होतो त्याचे सहकार्य केव्हाही क्षम्य नाही. पण ज्याचे काम मुळात निर्दोष आहे, ज्याच्या मनात तो हेतू नाही, आणि ज्याच्यापाशी ते करण्यास पुरेसे गंभीर कारण आहे, त्याला दोषी धरता येत नाही. कारण किती गंभीर हवे, हे तो त्या वाईट कृत्याच्या किती जवळ उभा आहे यावर ठरते. दुकान झाडणारा, गोण्या मोजणारा, बिल लिहिणारा आणि गिऱ्हाइकाला 'हे मारा' म्हणणारा हे चौघे एकाच छपराखाली असले तरी एकाच अंतरावर नाहीत.

या कसोटीने पाहिले तर त्या मुलाचा पेच बराच सुटा होतो. युरियाची गोणी उचलून देणे हे निर्दोष काम आहे. लिंकिंगच्या बिलावर त्याचे अक्षर असणे हे अस्वस्थ करणारे आहे, पण ती सक्ती त्याने ठरविलेली नाही आणि तो ती थोपवूही शकत नाही. स्वतःच्या तोंडाने, शिकलेला म्हणून ठेवलेल्या विश्वासाच्या बळावर, आपल्याला खोटे ठाऊक असलेले सांगणे हे मात्र त्याचे स्वतःचे कृत्य आहे. तेथे मालक शिडी चढत नाही; मुलगा चढतो. आणि त्या वाक्याची किंमत क्षुल्लक नसते. कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती, आणि ती सारी मी काउंटरवरच्या पोरावर ढकलणार नाही. तरीही कुठल्याही विषाच्या डब्याचा प्रवास कुणाच्या तरी शिफारशीने सुरू होतो. परवान्यासाठी दुकानदाराला त्या विषयाचे शिक्षण हवे असा नियम झाला आहे तो याचकरिता. शिफारस करणाऱ्या पोराला कुणी काही शिकविलेले नसते. त्रिकोणांचे रंग तो स्वतःच पाठ करतो.

म्हणजे त्याने आजच्या आज एक गोष्ट थांबवायला हवी, आणि ती नोकरी नव्हे. 'मला ठाऊक नाही, मालकांना विचारा,' एवढे वाक्य म्हणण्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. ते म्हटल्याने नोकरी गेली तर गेली. मग ती सुटली, त्याने सोडली नाही, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी आहे.

पण सोडण्याचे काय? येथे मला वाटते की आपण प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरतो. 'ही नोकरी सोडण्याजोगी आहे का?' असे आपण विचारतो. त्याआधी विचारायला हवे की सोडण्यास मी मोकळा आहे का?

अरिस्टॉटलने एका खलाशाचे उदाहरण दिले आहे. वादळात जहाज वाचविण्यासाठी तो माल समुद्रात फेकतो. त्याने हे स्वेच्छेने केले की नाइलाजाने? कोणताही शहाणा माणूस सुखासुखी माल बुडवीत नाही. पण त्या क्षणी हात त्याचेच होते. संत थॉमस अक्वायनस यांनी या गोष्टीचा धागा पकडून म्हटले की भीतीपोटी केलेली कृती ही त्या परिस्थितीत स्वेच्छेचीच असते, परिस्थिती बाजूला काढली तर नसते. तर्क म्हणून हे अचूक आहे. पण खलाशाचे वादळ एका रात्रीचे असते. ज्याचे वादळ हंगामामागून हंगाम चालते, त्याच्या स्वेच्छेचे काय उरते?

याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते आणि दोन्ही उत्तरे एकमेकांना ठाऊक नसावीत असे वाटावे इतकी ती दूरवरची आहेत. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे कामगारांविषयीचे परिपत्रक लिहिले. गरजेपोटी किंवा याहून वाईट वाट्याला येईल या भीतीने कामगार कठोर अटी मान्य करतो तेव्हा तो बळजबरीचा बळी असतो, असा त्यातील एका परिच्छेदाचा आशय आहे. त्यानंतर बरोबर एक्याण्णव वर्षांनी, १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाचा अर्थ लावला. चाबूक आणि साखळी एवढीच सक्ती नव्हे. भुकेने आणि दारिद्र्याने येणारी सक्ती हीदेखील सक्तीच आहे, असा त्या निकालाचा अर्थ. त्याआधी १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला होता. घेतलेल्या पैशापोटी माणसाने आपल्या मर्जीचे काम निवडण्याचे स्वातंत्र्य गमावणे, ही त्या कायद्याच्या मते वेठबिगारीची एक खूणच आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांत उचल घेऊन बांधल्या गेलेल्या जोडप्यांविषयी आपण ऐकतो, हळहळतो, आणि ते दूरच्या जिल्ह्यातले दुःख समजतो.

नामपूरचा दुकानदार वेठबिगार ठेवतो असे म्हणणे हा त्याच्यावर उघड अन्याय होईल, आणि मला तसे मुळीच म्हणायचे नाही. त्याने उधारी दिली नसती तर त्या घराचे रान पडीक राहिले असते. लिंकिंगचा माल कंपन्या आपल्याच गळ्यात मारतात अशी विक्रेत्यांचीही जुनी तक्रार आहे. म्हणजे तोही कुणाच्या तरी काउंटरवर मान खाली घालून उभाच आहे. परंतु वडिलांची उधारी आणि मुलाचे काम या दोन गोष्टी एकाच वहीच्या एकाच पानावर आल्या, तेव्हा तिघांच्याही नकळत मुलाची मोकळीक त्या पानात दाबली गेली. ज्याला सोडता येत नाही तो राहतो तेव्हा त्याच्या राहण्यात निष्ठा किती आणि अगतिकता किती, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. मिठाला जागणे हा सद्गुण आहे, पण तो मोकळ्या माणसाचा सद्गुण आहे.

याच्या उलट बाजूलाही एक बंधन आहे आणि तरुणांना ते बंधन वाटत नाही म्हणून अधिक धोक्याचे आहे. अपमान झाला, मालक चारचौघांत बोलला, डोक्यात तिडीक गेली आणि 'उद्यापासून येत नाही' म्हणून तो निघाला. लोक म्हणतात, बाणेदार पोरगा. पण त्या क्षणी निर्णय कुणी केला? रागाने केला. भीतीने राहणारा आणि रागाने जाणारा या दोघांच्या वतीने दुसरेच कुणीतरी बोलत असते. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत उदासीनतेच्या काळात कोणताही बदल करू नये, पूर्वी शांत चित्ताने जे ठरविले होते त्याला चिकटून राहावे, असे सांगून ठेवले आहे. पाय मोडून बिछान्यावर पडलेल्या एका तापट सैनिकाला सुचलेले हे शहाणपण आहे, कुण्या मवाळ माणसाला नव्हे.

वर ज्यांचा उल्लेख केला ते संत आल्फान्सस हेदेखील असेच एकदा उठून गेलेले गृहस्थ. नेपल्समधील हे नामांकित तरुण वकील १७२३ साली एका मोठ्या दाव्यात हरले. कागदपत्रातील एक मुद्दा त्यांच्याकडून निसटला होता असे सांगतात. ते न्यायालयातून तडक घरी गेले आणि खोलीचे दार लावून बसले. ती त्यांची पहिली कृती दुखावलेल्या अभिमानाची होती, हे त्यांच्या भक्तांनीही नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढे काही आठवडे ते रुग्णालयात रोग्यांची सेवा करीत राहिले, वडिलांच्या संतापाला सामोरे गेले, आणि त्यानंतर वकिली सोडण्याचा निर्णय कायम केला. धर्मगुरू व्हायला आणखी तीन वर्षे गेली. न्यायालयातून निघून जाणे आणि वकिली सोडणे या दोन वेगळ्या घटना होत्या, आणि त्यांच्यामध्ये वेळ गेला होता.

अजून एक गोष्ट पुस्तकी नीतिशास्त्रात फारशी येत नाही. ती मला मराठी साहित्यातच भेटली. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नोकऱ्या धरण्यासोडण्यात प्रसिद्ध होते. त्यांना कुठे फार काळ ठरणे जमलेच नाही, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी सेवाही सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्या अखेरच्या सोडण्याकडे आपण आदराने पाहतो, आणि पाहावेच. परंतु आधीच्या सगळ्या सोडण्यांची गोष्ट आपल्याला कुणी सांगितली? लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या लेकीने 'स्मृतिचित्रे'त हसत हसत जे लिहिले आहे, त्यात वारंवार विस्कटणारा आणि पुन्हा मांडला जाणारा संसार आहे. १९३४ पासून ती चित्रे प्रसिद्ध होऊ लागली. टिळक १९१९ मध्येच गेले होते. सोडणारा कर्ता एक असतो, पण त्या क्रियेचे कर्म घरातील सगळी माणसे होतात. म्हणून सोडण्याचा निर्णय एकट्याच्या विवेकाने करायचा असला तरी तो एकट्याने, कुणाला न सांगता करायचा नसतो. सांगणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. ज्यांच्या ताटातून एक घास कमी होणार आहे त्यांना ते आधी ठाऊक असावे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या घरी मी काय सांगितले ते थोडक्यात लिहितो. सोड किंवा राहा, यांपैकी मी काहीच सांगितले नाही. वही आणायला सांगितली. वडिलांची उधारी किती, व्याज धरले आहे की नाही, मुलाचा पगार किती महिने वळता झाला, याचा मांडलेला हिशेब घरात कुणापाशीही नव्हता. सगळे दुकानदाराच्या वहीत होते. मामांना सोबत घेऊन वडिलांनी दुकानात जावे, खाते पाहून घ्यावे, उरलेली रक्कम वडिलांच्या नावे हप्त्याने लिहून घ्यावी, आणि मुलाचा पगार यापुढे मुलाच्या हातात द्यावा अशी विनंती करावी, एवढेच मी म्हटले. मुलाचा पगार घरात आल्यावर त्यातून हप्ता भरला तरी बिघडत नाही. पैसा तोच असेल, पण तो मुलाच्या हातातून वडिलांच्या हातात जाईल. या फरकाला काय अर्थ आहे असे वडिलांनी मला विचारले. मुलगा काही बोलला नाही, पण त्याला तो अर्थ कळला असावा असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले.

आणि मालकाशी त्याने स्वतः बोलावे असेही सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, आणि ऐन खरिपाच्या तोंडावर सोडून जाण्याची धमकी म्हणून तर मुळीच नव्हे. हंगामात दुकानदाराला एकाएकी उघड्यावर टाकणे हाही अन्यायच आहे. महिनाभर आधी सांगणे हे त्याचे मालकाला देणे आहे. वडील तेथे एक प्रश्न विचारून गेले, त्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते आणि आजही नाही. ते म्हणाले, "फादर, पोरगा काउंटरवर खरे बोलू लागला आणि मालक नाराज झाला, तर पुढच्या कांद्याचे बी मी कुणाकडून आणू?" ज्या समाजात एका शेतकऱ्याला बियाणे मिळणे हे त्याच्या मुलाच्या खोटे बोलण्यावर अवलंबून राहू शकते, त्या समाजात एकट्या मुलाच्या विवेकबुद्धीवर व्याख्यान देणे हे अपुरे आहे, हे मला मान्य आहे. आपल्या धर्मग्रामांतील पतपेढ्या आणि बचत गट हे केवळ लग्नाच्या कर्जासाठी आहेत की अशा वेळी कुणाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी, हा प्रश्न त्या ताटावरून उठताना माझ्या मनात आला. तो येथे लिहून ठेवतो. वाचकांपैकी ज्यांच्या हाती अशा संस्थांचा कारभार आहे त्यांनी त्याचा विचार करावा.

खाते वेगळे झाले. मालक थोडा कुरकुरला, पण त्याने लिहून दिले. पगार हातात देऊ लागला. फवारणीचे विचारायला येणाऱ्यांना मुलगा आता मालकाकडे पाठवतो. त्यामुळे मालकाने त्याला मागच्या गुदामात मोजणीवर आणि बिलांवर घातले आहे. तेथे पंखा नाही, पण बसायला गोण्या आहेत, आणि गिऱ्हाईक नसताना तो पुस्तक उघडतो असे त्याची आई सांगत होती. दिवाळीनंतर तेथे राहायचे की नाही हे त्याने अजून ठरविलेले नाही.